एक अखंड शाफ्ट की दोन तुकड्यांचा? उंच केलेल्या डबल कॅब पिकअपचं प्रकरण

गाडी आली तेव्हा काय करायचं ते मालकाने आधीच ठरवलेलं होतं. "भाऊ, ते मधलं बेअरिंग काढून टाका. गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत एकच शाफ्ट करा. ही कटकट पुन्हा नको." त्यांचा वैताग मला पटण्यासारखा होता. वर्षभरात सेंटर बेअरिंग, म्हणजे दोन तुकड्यांच्या शाफ्टला मधे धरणारं, रबरात लटकलेलं बेअरिंग, दोनदा बदलून झालं होतं, आणि दुसऱ्याचंही रबर खालच्या बाजूने फाटलं होतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये माल घेऊन उचल घेताना सीटखालून धडधड यायची. वेग पंधरा ते तीसच्या दरम्यान असेतो ती टिकायची, पुढे गाडी गुळगुळीत चालायची.

मी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा फेर मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगपर्यंत नेणारे शाफ्ट, बनवतो, दुरुस्त करतो आणि बॅलन्स करतो. "एकच शाफ्ट करून द्या" ही मागणी नेहमी येते, आणि बऱ्याच वेळा ती रास्तही असते. एका शाफ्टमध्ये क्रॉस, म्हणजे कोनातही फेर पुढे देणारे सांधे, दोनच लागतात, सेंटर बेअरिंग लागत नाही, रबर फाटायचा प्रश्न उरत नाही. या गाडीचं प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण इथे मागणी आणि दुखणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. ते माझ्याही लक्षात पहिल्या दिवशी पूर्ण आलं नव्हतं.

गाडी अशी: डबल कॅब, मागच्या चाकांना ड्राइव्ह, मॅन्युअल गिअरबॉक्स, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). इंजिनचा कमाल टॉर्क ३२० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४.३, हाउसिंगचं गुणोत्तर ४.१, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१ फेरे. टायरचा एक फेरा जमिनीवर २.३५ मीटर भरतो. हे मी खडूची खूण करून, गाडी ढकलून मोजलं, कारण टायरवरच्या आकड्यांवरून काढलेला घेर वजनाखाली दबलेल्या टायरला लागू होत नाही. गिअरबॉक्सच्या फ्लँजवरच्या क्रॉसपासून पिनियनच्या (हाउसिंगमध्ये फेर नेणाऱ्या गिअरच्या) क्रॉसपर्यंत अंतर १,६५० मिलिमीटर. मूळ शाफ्ट दोन तुकड्यांचा: पुढचा ५६० चा, मागचा १,०९० चा, दोन्ही ७६.२ मिलिमीटर व्यासाच्या आणि २.१ मिलिमीटर जाडीच्या स्टील पाइपचे. लांबी कमी-जास्त करणारा स्प्लाइनचा सांधा सेंटर बेअरिंगच्या लगेच मागे. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मालकांनी सहज बोलता बोलता सांगितली: कच्च्या रस्त्यासाठी गाडी मागून ५० मिलिमीटर उंच करून घेतली होती, लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी) टाकून.

हे ऐकताच मी थांबायला हवं होतं. पण मी आधी त्यांच्या मागणीचा हिशोब करायला बसलो.

लांब शाफ्टला नेमकी भीती कशाची

लोकांना वाटतं, पातळ पाइपचा लांब शाफ्ट टॉर्कने पिळून तुटेल. तसं होत नाही. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण ओढीला या शाफ्टवर साधारण १,३७६ न्यूटन-मीटर येतात, आणि ७६ मिलिमीटरच्या या पाइपवर त्याने पडणारा ताण ७८ मेगापास्कलच्या आसपास भरतो. साध्या स्टीलला हे सहज पेलतं. पिळण्यासाठी लांबी आड येत नाही.

लांबी आड येते ती फिरण्याच्या वेगाला. दोरीउड्यांची दोरी जशी कमान धरून फिरते, तसा लांब शाफ्ट एका ठरावीक वेगाला मधोमध झोल घेतो. त्या वेगाला क्रिटिकल स्पीड म्हणतात. झोल घेतला की केंद्राबाहेर ढकलणारा जोर वाढतो, जोर वाढला की झोल वाढतो, आणि त्या वेगावर गाडी थोडा वेळ जरी टिकली तरी पाइप वाकतो किंवा योकच्या (क्रॉस धरणाऱ्या काट्याच्या) वेल्डपाशी तुटतो. तुटलेलं पुढचं टोक जमिनीत रुतलं तर काय होतं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे.

स्टीलच्या पाइपसाठी हा वेग काढायची रीत सोपी आहे. पाइपच्या बाहेरच्या आणि आतल्या व्यासांचे वर्ग करून बेरीज घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला सुमारे १२.०७ कोटींनी गुणा आणि दोन क्रॉसमधल्या अंतराच्या वर्गाने भागा. मापं सगळी मिलिमीटरमध्ये. उत्तर येतं मिनिटाच्या फेऱ्यांमध्ये. लांबीचा वर्ग छेदात आहे, इथेच सगळी मेख आहे. लांबी दुप्पट झाली की क्रिटिकल स्पीड चौथाईवर येतो.

मूळच्याच ७६ च्या पाइपचा अखंड शाफ्ट १,६५० लांबीचा केला तर उत्तर येतं ४,६४६ फेरे. पण हा कागदावरचा आकडा आहे. त्यात दोन्ही टोकांचे आधार दगडासारखे पक्के धरलेले आहेत. गाडीत गिअरबॉक्स रबरावर बसलेला असतो, हाउसिंग पाट्यांवर, योकचं वजन वेगळं, क्रॉसमध्ये किंचित ढिलाई. म्हणून खरा आकडा नेहमी खाली असतो, आणि मी कागदावरच्या आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या वर कुणालाही गाडी नेऊ देत नाही. ते झाले ३,४८५ फेरे.

आता गाडीकडून हिशोब. ताशी १२० किलोमीटरला चाक मिनिटाला ८५१ फेरे घेतं, ४.१ ने गुणलं की शाफ्टचे ३,४८९. म्हणजे १२० ला आपण बरोब्बर मर्यादेच्या रेषेवर. १४० ला ४,०७१, म्हणजे क्रिटिकलच्या ८८ टक्के. उताराला गाडी १५० वर गेली तर ९४ टक्के. मालक रोज १२० ने जात नव्हते, पण शाफ्ट रोजच्या वेगासाठी करायचा नसतो. गाडी कधी तरी गाठेल त्या वेगासाठी करायचा असतो.

दोन तुकड्यांमधल्या मागच्या, लांब तुकड्याचा हाच हिशोब केला तर १०,६४७ फेरे येतात. कारखान्याने मधलं बेअरिंग का दिलंय, याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

मोठा पाइप, हलका धातू

मालकांचा पुढचा प्रश्न चांगला होता: "मग पाइप मोठा घ्या ना. किंवा अ‍ॅल्युमिनियमचा करा, हलका होईल."

मोठ्या पाइपचं म्हणणं खरं आहे. ८८.९ चा पाइप घेतला तर क्रिटिकल स्पीड ५,४४४ वर जातो आणि त्याचे ७५ टक्के ४,०८३, म्हणजे १४० पर्यंत कसाबसा चालतो. १०१.६ चा घेतला तर ६,२३८, आणि ७५ टक्क्यांची मर्यादा ताशी १६० च्या पुढे. कागदावर प्रश्न सुटला.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल मात्र फार मोठा गैरसमज आहे आणि तो मला मनापासून दूर करावासा वाटतो. क्रिटिकल स्पीड वजनावर ठरत नाही, ताठरपणा आणि घनता यांच्या गुणोत्तरावर ठरतो. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक-तृतीयांश वजनाचं आहे, पण ताठरही एक-तृतीयांशच आहे. त्यामुळे त्याच व्यासाचा अ‍ॅल्युमिनियम शाफ्ट स्टीलच्याच वेगाला झोल घेतो, उलट किंचित आधीच. त्याचा खरा फायदा असा की वजन न वाढवता खूप मोठा व्यास घेता येतो. १२७ मिलिमीटरचे अ‍ॅल्युमिनियम शाफ्ट लांब पिकअपमध्ये अखंड बसतात ते याच कारणाने. तेव्हा मुद्दा धातूचा नसून जागेचा आहे. कार्बन फायबर खरोखर वेगळं पडतं, त्याचं गुणोत्तरच वरचं असतं. पण कच्च्या रस्त्यावर खालून दगड उडणाऱ्या, एक्झॉस्टच्या शेजारून शाफ्ट जाणाऱ्या गाडीला मी तो सुचवला नाही.

जागा मोजायला गाडीखाली गेलो. सेंटर बेअरिंग ज्या आडव्या मेंबरला टांगलंय त्याच्या खाचेतून शाफ्ट जातो. मागचं हाउसिंग बंपस्टॉपला टेकेपर्यंत जॅकने वर घेतलं आणि १०१.६ चा पुठ्ठ्याचा साचा धरून पाहिलं. एका बाजूला ९ मिलिमीटर जागा उरत होती. इंजिन माउंटिंगवर डोलतं, चेसिस खड्ड्यात पिळते, तेव्हा नऊ मिलिमीटर म्हणजे घासणार हे नक्की. मेंबर कापून खाच मोठी करता आली असती. मी चेसिसचा मेंबर कापत नाही, आणि ते त्यांना तिथेच सांगितलं.

राहिला ८८.९. तो बसत होता.

चाचणीचा शाफ्ट

इथे मी एक गोष्ट केली जी एरवी करत नाही. माझ्याकडे ७६ च्या पाइपचा, स्प्लाइनचा सांधा असलेला जुना शाफ्ट होता. तो लांबीला जुळवून, बॅलन्स करून तात्पुरता बसवला. खालून दोन सेफ्टी लूप लावले, आणि १०० च्या वर जायचं नाही असं ठरवलं. १०० ला शाफ्ट २,९०८ फेरे घेतो, क्रिटिकलच्या ६३ टक्के, म्हणजे मर्यादेत. हेतू एवढाच की उचल घेतानाची धडधड अखंड शाफ्टने खरंच जाते का ते कळावं.

धडधड गेली. पूर्ण गेली. मालकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं आणि मलाही क्षणभर वाटलं, ८८.९ चा करून टाकावा.

मग आम्ही मोकळ्या रस्त्याला लागलो आणि ७८ ते ८२ च्या दरम्यान गाडीची पूर्ण फरशी गुंजायला लागली. ७० ला काही नाही, ९० ला जवळपास काही नाही, ऐंशीला आरसासुद्धा धूसर दिसत होता. मालक म्हणाले, बॅलन्सिंग चुकलं असेल. बॅलन्सिंगचा दोष असता तर थरथर वेगाबरोबर वाढत गेली असती. एका पट्ट्यात येऊन गेली नसती.

हे अर्ध्या क्रिटिकलचं दुखणं आहे. क्रॉस कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा धक्का देतो. शाफ्ट त्याच्या क्रिटिकल स्पीडच्या निम्म्या वेगाने फिरत असेल तर हे दुप्पट धक्के नेमके शाफ्टच्या स्वतःच्या झोलाच्या तालावर पडतात. ४,६४६ चे निम्मे २,३२३. त्याला ४.१ ने भागून २.३५ ने गुणलं की येतात ताशी ७९.९ किलोमीटर. गाडीतला आकडा आणि कागदावरचा आकडा इतका जुळलेला मी क्वचित पाहिला आहे.

८८.९ चा पाइप घेतला असता तर हाच पट्टा ९४ च्या आसपास सरकला असता, १०१.६ ला १०७ वर. म्हणजे अखंड लांब शाफ्टमध्ये हा वेग कुठे तरी रोजच्या चालवण्यात येणारच. तो त्रासदायक होईल की नाही, ते क्रॉसचे कोन ठरवतात. कोन लहान आणि दोन्हीकडे सारखे असतील तर धक्का इतका बारीक असतो की कळतही नाही. इथे तो आरसा हलवत होता, म्हणजे कोन बिघडलेले होते. आणि तेव्हा कुठे मी लांब शॅकलकडे वळलो.

कोन

कोन मोजताना गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर उभी हवी. लिफ्टवर टांगून घेतलेली मापं निरुपयोगी, कारण हाउसिंग लोंबतं. अंशाच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं डिजिटल लेव्हल वापरलं. जुना दोन तुकड्यांचा शाफ्ट परत बसवून, मागच्या बाजूला उतार धन धरून आलेली मापं अशी: गिअरबॉक्स ३.० अंश, पुढचा तुकडा ४.०, मागचा तुकडा ९.१, पिनियन ८.६.

दोन शेजारच्या मापांतला फरक म्हणजे त्या क्रॉसचा कोन. पहिला क्रॉस १.० अंश, दुसरा ५.१, तिसरा फक्त ०.५.

क्रॉसबद्दल एक गोष्ट नीट समजली की बाकी सगळं आपोआप उलगडतं. एका बाजूचा शाफ्ट अगदी एकसारखा फिरत असला तरी कोनात जोडलेला दुसरा शाफ्ट फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३ अंश असेल तर हा चढउतार ०.१४ टक्के, १० अंशांना दीड टक्का. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनाचा क्रॉस, योकची दिशा जुळवून बसवला की दुसरा पहिल्याची चूक पुसतो. म्हणून योकच्या दिशा आणि कोन दोन्ही जुळायला हवेत. योकच्या दिशा इथे बरोबर होत्या. दोन्ही तुकड्यांचे आपापले योक एका रेषेत होते आणि स्प्लाइनवरचे बाण जुळत होते. कोन मात्र ५.१ समोर ०.५. दुसऱ्या क्रॉसची चूक पुसायला तिसरा जवळजवळ हजरच नव्हता. तिन्ही क्रॉसचा एकत्रित उरलेला कोन काढला तर ५ अंश भरला. मी हा आकडा ३ च्या आत ठेवतो.

हे झालं कसं? गाडी ५० ने उंच केल्यावर मागचा तुकडा जास्त उतरता होणार हे उघड आहे. १,०९० लांबीवर ५० म्हणजे २.६ अंश. मूळ ६.५ चे ९.१ झाले. नुसतं तेवढंच झालं असतं तर दुसरा आणि तिसरा क्रॉस दोन्ही सारखेच वाढले असते आणि एकमेकांना पुसत राहिले असते. पण लांब शॅकल पाट्याचं फक्त मागचं टोक खाली ढकलतो. हाउसिंग ५० ने खाली जायला शॅकलच्या बाजूला १०० लागतात, आणि १,२५० लांबीच्या पाट्यावर १०० म्हणजे ४.६ अंश. पाटा कलला की त्याला घट्ट बांधलेलं हाउसिंगही कलतं आणि पिनियनचं नाक वर होतं. मूळ ४.० चं ८.६ झालं ते असं. उंची वाढवण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे म्हणून सर्रास वापरला जातो, आणि शाफ्टवर त्याचा काय परिणाम होतो हे टाकणारा सहसा पाहत नाही.

उचल घेताना हे आणखी बिघडतं. चाकं जमिनीला मागे ढकलतात तेव्हा हाउसिंग उलट फिरू पाहतं आणि पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात. पिनियनचं नाक अजून वर जातं. किती, ते पाहायला चेसिसला छोटा कॅमेरा बांधला आणि हाउसिंगच्या नाकाला खुणांची पट्टी चिकटवली. जोरात उचल घेताना नाक सुमारे ३ अंशांनी वर गेलं. म्हणजे त्या क्षणी पिनियन ११.६ वर. ते मागच्या तुकड्याच्या रेषेलाही ओलांडून पलीकडे जात होतं.

आता सेंटर बेअरिंगचं रबर का फाटत होतं ते पाहा. कोनातला क्रॉस टॉर्क पुढे देताना शाफ्टला आडवा पिळाही देतो, फेऱ्यात दोनदा. तो पिळा टॉर्कच्या आणि कोनाच्या प्रमाणात असतो, म्हणून पहिल्या गिअरमध्ये सगळ्यात जास्त. हा पिळा कुठे तरी टेकावा लागतो, आणि तो टेकतो रबरात लटकलेल्या बेअरिंगवर. पुढच्या आणि मागच्या तुकड्याचा एकत्र हिशोब केला तर उंच केलेल्या गाडीत पूर्ण ओढीला बेअरिंगवरचा हा ठोका २१० न्यूटनच्या आसपास आला. मूळ उंचीला, मूळ शॅकलवर तोच ११० च्या आत होता. ताशी २० ला शाफ्ट ५८२ फेरे घेतो, त्याचे दुप्पट ठोके म्हणजे सेकंदाला १९. सीटखालची धडधड हीच होती.

अखंड शाफ्टने धडधड गेली, कारण ठोका घेऊन नाचायला मधे रबरच उरलं नाही. कोनांचा दोष जागेवरच होता. अखंड शाफ्टमध्ये पुढचा क्रॉस ४.३ अंशांवर आणि मागचा सव्वा अंशावर होता, आणि तोच दोष ऐंशीला आरसा हलवून सांगत होता.

निर्णय

मी मालकांना दोन्ही मार्ग मांडले. पहिला: ८८.९ चा अखंड शाफ्ट, आणि तरीही पिनियनचा कोन दुरुस्त करणं भागच. तो दुरुस्त करून गिअरबॉक्सशी समांतर केला तरी दोन्ही क्रॉस ४.३ अंशांवर राहणार. शाफ्टच्या कामात वापरल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार ३,५०० फेऱ्यांना ५ अंश चालतात, ४,००० ला ४.२. म्हणजे १४० ला इथेही रेषेच्या बाहेर, क्रिटिकल स्पीडलाही रेषेवर. शिवाय शाफ्टचं पुढचं निम्मं वजन गिअरबॉक्सच्या शेपटावर, जे या गाडीत छोट्या तुकड्यासाठी बनलेलं आहे. दुसरा मार्ग: दोन तुकडे तसेच ठेवून कोन जुळवणं.

"म्हणजे बेअरिंग राहणारच," ते म्हणाले. नाराजी लपली नव्हती. मी म्हटलं, राहील, पण त्याला मार बसणार नाही. त्यांनी ऐकलं, पण त्यांना पटलं ते हिशोबाने नव्हे. ऐंशीला फरशी कशी गुंजली ते त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

लांब शॅकल काढून मूळचे बसवले. उंची हवीच होती, म्हणून पाट्यांना नव्याने कमान देऊन एक पाटा वाढवला. त्यामुळे हाउसिंग सरळ खाली आलं, कललं नाही, आणि पिनियन परत ४.० वर. पाटा वाढल्याने पिळणंही कमी झालं. उचल घेताना नाक आता २ अंशच वर जात होतं. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली १० मिलिमीटरचं स्टीलचं पॅकिंग देऊन ते खाली घेतलं, वरच्या ग्रेडचे लांब बोल्ट टाकले. त्यामुळे पुढचा तुकडा ५.० वर आणि मागचा ८.६ वर आला. एक अंशाची पाचर हाउसिंगच्या पॅडवर देऊन पिनियन ५.० केलं.

कोन झाले २.०, ३.६ आणि ३.६. दुसरा-तिसरा एकमेकांना पुसतात, उरतो पहिल्याचा २.०. उचल घेताना उरलेला कोन अडीच. १४० ला चालणाऱ्या ४.२ च्या आत तिन्ही क्रॉस. माल भरल्यावर गाडी ६० मिलिमीटर बसते, तेव्हा मागचे दोन्ही क्रॉस अर्ध्या अंशाच्या जरा खाली येतात. हे मला तितकंसं आवडत नाही. क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया थोड्या तरी फिरल्या पाहिजेत, नाहीतर एकाच जागी खाचा पडतात. पण ही गाडी रिकामी आणि भरलेली निम्मी-निम्मी चालते, म्हणून मान्य केलं. कायम भरलेल्या गाडीला मी पाचर वेगळी दिली असती.

शाफ्ट बॅलन्स केला. मागच्या तुकड्याचं योकसकट वजन ९ किलो. बॅलन्सिंगच्या जी १६ या दर्जाला, ४,००० फेऱ्यांना, प्रत्येक टोकाला ३८ मिलिमीटर त्रिज्येवर साडेचार ग्रॅमपर्यंत फरक चालतो. आम्ही दोन ग्रॅमच्या आत आणला. तिन्ही क्रॉस आणि सेंटर बेअरिंग नवं.

हीच मागणी दुसऱ्या गाडीसाठी आली असती तर माझं उत्तर वेगळं असतं. दोन क्रॉसमधलं अंतर १,४०० असेल तर ७६ च्याच पाइपला क्रिटिकल स्पीड ६,४५४ मिळतो, आणि सिंगल कॅबमध्ये मी बिनधास्त अखंड शाफ्ट देतो. या गाडीचं हाउसिंग ४.१ ऐवजी ३.५ चं असतं तर १४० ला शाफ्ट ३,४७५ च फेरे घेतला असता, आणि ८८.९ चा अखंड शाफ्ट मी स्वतःहून सुचवला असता. मोठे टायर टाकणाऱ्यांना हाउसिंगचं गुणोत्तर वाढवायची घाई असते. शाफ्टचा वेगही त्याबरोबर वाढतो, हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं.

नंतर

रिकाम्या गाडीने १२० पर्यंत कुठल्याच वेगाला गुंजन नाही. माल भरून चढावर पहिल्या गिअरमध्ये उचल घेतली तेव्हा पूर्वीची धडधड नव्हती. अगदी पूर्ण ओढ दिली की तळहाताला जाणवेल इतकी बारीक थरथर उरली आहे. हिशोबाने बेअरिंगवरचा ठोका २१० वरून १४० वर आला आहे, मूळच्या ११० वर नाही. गाडी उंच आहे तोवर तो तिथवर जाणार नाही. मालकांना मी हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही.

६,००० किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली. पाट्यांची नवी कमान थोडी बसते हे गृहीत होतं. गाडी ६ मिलिमीटर खाली आली होती, कोनांत तीन दशांशांचा फरक. यू-बोल्ट परत कसले, स्प्लाइनला ग्रीस दिलं. सेंटर बेअरिंगचं रबर टॉर्च लावून चारही बाजूंनी पाहिलं, कुठेही चीर नव्हती.

"हे किती दिवस टिकेल?" त्यांनी विचारलं. रबर आहे, कधीतरी जाणारच, असं मी सांगितलं, आणि त्यांना गाडीखाली घेऊन तपासायचं कसं ते दाखवलं: शाफ्ट बेअरिंगपाशी हाताने वर उचलायचा, रबर परत ओढून घेतं का, की शाफ्ट लुळा पडतो, ते पाहायचं. त्यांनी दोनदा करून पाहिलं, मग हात पुसून पुढच्या पावसाळ्याआधी परत येतो म्हणाले.